दोन म्हणजे चौथी

'माहिती' गावात आली तेव्हा पाटकरीण कालव्यावर कपडे आपटत होती. लाउडस्पीकर लावलेली एक गाडी धूळ उडवत पुलावर येऊन थांबली. गाडीत बाई कुठंच दिसत नव्हती, पण बाईचा आवाज मात्र खणखणीत येत होता. बाजारभाव, हवामान, वीज, दवाखाना, सगळी माहिती आता घरबसल्या, टीव्हीवर, चॅनल सातशे चौदा.

"घरबसल्या म्हणे," पाटकरीण शेजारच्या बायकांना म्हणाली. "घरी बसायला मिळतंय कुणाला?"

बायका हसल्या. गाडी गेली आणि जाताना धुतलेल्या शर्टावर धुळीचा थर ठेवून गेली. तिनं तो पुन्हा पाण्यात बुडवला आणि दगडावर घेतला. दगड मोठा झकास होता, चौकोनी, सपाट, कुणीतरी मुद्दाम घडवल्यासारखा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच दगडावर धूत होती, आणि तिच्याआधी तिची सासू.

तिचा नवरा पाटकरी. कालव्याची दारं उघडायची आणि लावायची हे त्याचं काम, आणि तेच त्याच्या बापाचं काम होतं. दारं फिरवायची चावी घरात खुंटीला टांगलेली असायची. म्हणायला चावी, पण होती हातभर लांबीची लोखंडी कांब, पुढं वाकवलेली. कालव्याला पाच चाऱ्या, म्हणजे रानात पाणी नेणारे फाटे. गावाजवळची पहिली, तिच्या वर दुसरी, अशा मोजत गेलं की पाचवी पार वर, टेकडीच्या कुशीत. पाणी कुणाचं कधी, हे पाटकरी सांगायचा. ऑफिसातून त्याला कागद यायचा, तो खिशात जायचा, आणि त्याच्या तोंडून बाहेर पडायचं ते एवढंच, "उद्यापासून दुसरीचं." लोक खोरी घेऊन हजर. कागद बघायला कुणी कधी मागितला नव्हता.

शिंप्याच्या दुकानात टीव्ही होता, म्हणून 'माहिती' तिथं बघायची पद्धत पडली. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. एक पान दिसायचं, मग टिंगटिंग असं काहीतरी वाजायचं, मग दुसरं पान. माणूस म्हणून एकही दिसायचा नाही. कोपऱ्यातलं घड्याळ अकरा मिनिटं पुढं होतं, पण बाकीचं बरोबर निघायला लागलं. वीज दोनला जाणार म्हटलं की दोनला गेली. कांद्याचा भाव लिहिला तोच बाजारात मिळाला. वारा सुटणार म्हटलं आणि शिंप्याच्याच छपराचा पत्रा उडाला. पत्रा धरून आणताना सुद्धा शिंपी खुशीत होता.

"बघा, सांगितलं होतं की नाही! खोटं लिहीतच नाहीत."

उन्हं कडक झाली, कालवा आटत आला आणि पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या. 'माहिती'वर पाचवं पान आलं. *आवर्तन. चारी क्र. ३. बुधवार ते शुक्रवार.* पाटकऱ्यानंही बुधवारी तिसरीच सोडली. लोकांनी माना डोलावल्या. टीव्ही आणि पाटकरी एकच बोलतात, म्हणजे दोघंही खरे, असा सगळ्यांनी हिशोब केला.

पुढच्या आठवड्यात पडद्यावर आलं, *चारी क्र. २. सोमवार ते गुरुवार.*

दुसरीवर कलिंगडवाल्याचं रान. त्याची फळं मुठीएवढी झाली होती आणि वेल माना टाकत होते. रविवारीच त्यानं आणि आजूबाजूच्या चौघांनी वाफे बांधून ठेवले, पाण्याच्या दंडातलं गवत काढलं. सोमवारी उजाडता उजाडता सगळे खोरी टेकून उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी चारी कोरडीच. मग वरून कुणीतरी बातमी आणली. पाणी चौथीला सोडलंय, आणि चौथीवर पाटकऱ्याचा धाकटा भाऊ कांद्याला पाणी देतोय, आरामात, गाणी म्हणत.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पाटकरीण दुपारी दोरा आणायला शिंप्याकडे गेली. दुकानात चारपाच जण होते, ती येताच बोलणं थांबलं. शिंप्यानं मापाची पट्टी गळ्यात नीट केली आणि उगाच खाकरला.

"काय म्हणतायत पाटकरी?" तो म्हणाला. "कामात असतील. चौथीचं पाणी ना आज?"

"असेल. मी कुठं विचारते?"

"तेच म्हणतो. इथं दुसरी दिसतेय. आमचे डोळे गेले असतील, वहिनी. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच वाचा."

तिनं वाचलं. पान बदललं, टिंगटिंग वाजलं, दवाखान्याचं पान आलं, विजेचं आलं, आणि पुन्हा पाण्याचं. दुसरीच होती. दोरा कुठल्या रंगाचा हवा होता ते ती विसरली आणि काळा घेऊन घरी आली.

चौथीवरचं रान दोघा भावांचं होतं, कसायचा धाकटा. धाकट्याची बायको, म्हणजे तिची जाऊ, तशी हात आखडून वागणारी. पण त्याच संध्याकाळी जावेनं पाटीभर मिरच्या पाठवल्या, हिरव्यागार, देठासकट. एरवी पाटकरणीनं त्या निवडून ठेवल्या असत्या. आज ती पाटीकडे बघत बसली. नवरा आला, पाय धुतले, जेवायला बसला. शीळ घालत होता. हा शीळ कधीपासून घालायला लागला?

"मिरच्या कशाबद्दल?" तिनं विचारलं.

"कशाबद्दल म्हणजे? झाल्या, पाठवल्या."

"मागच्या वर्षी पण झाल्या होत्या की."

तो जेवत राहिला. अंगाला चिखलाचा आणि घामाचा वास, पिंढऱ्यांवर वाळलेला गाळ, उजव्या तळव्याला चावीचा घट्टा. पंधरा वर्षं हा माणूस तिच्यासमोर असाच जेवत आला होता आणि आज तिला त्याचं जेवणसुद्धा लपवाछपवीचं वाटायला लागलं. घासामागं घास, वर बघणं नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, तिला वाटलं. आणि कुठं मुरतंय ते तर सगळ्या गावाला दिसत होतं.

मंगळवारी सकाळी तो हातपाय धुवायला मागं गेला आणि ती त्याचा शर्ट घेऊन कालव्यावर आली. धुण्याआधी खिसा तपासायची तिची सवय जुनीच. कागद काढायचा, सुक्या जागी ठेवायचा, शर्ट वाळला की परत खिशात. उघडून कधी बघितला नव्हता, त्याचं काम ते त्याचं काम. आज तिनं इकडंतिकडं पाहिलं, दगडावर बसली आणि घडी उलगडली. घामानं अक्षरं थोडी फुटली होती. पण आकडा स्वच्छ होता.

*चारी क्र. २.*

म्हणजे टीव्ही खोटा नव्हता. शिंपी खोटा नव्हता. ऑफिसनं दुसरी लिहिली आणि ह्या माणसानं भावाचं रान भिजवलं. कागद पुन्हा घडी घालून ठेवताना तिची बोटं ओली होती, एका कडेला डाग पडला.

ती परत निघाली तर पुलावर माणसं जमलेली. मध्ये तिचा नवरा, खांद्यावर चावी. कलिंगडवाला त्याच्यासमोर उभा होता. मोठा आडदांड माणूस, पण आवाज बारीक, चिडला की आणखी बारीक व्हायचा.

"पाटकरी, सरळ विचारतो. काल पाणी कुणाचं होतं?"

"चौथीचं."

"कागदावर काय आहे?"

"दोन."

पाटकऱ्यानं हे इतक्या सहज सांगितलं की लोकांना आधी कळलंच नाही. मग एकदम गलका झाला.

"अरे, ऐकून तर घ्या," पाटकरी म्हणाला. "कागदावरची दोन म्हणजेच आपली चौथी."

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच हसले. कलिंगडवाला सुद्धा हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते.

"दोन म्हणजे चार? कुठल्या शाळेत होतास रे?"

"बापाच्या वेळेपासून असंच आहे. वर जाऊन दगड बघा. प्रत्येक चारीवर दगड आहे."

"बापाला कशाला मध्ये आणतोस? दोन म्हणजे चार! मग चार म्हणजे किती, सोळा?"

पाटकऱ्याला एरवी बोलता येत नव्हतं असं नाही, पण जे सांगायची आयुष्यात कधी वेळ आली नाही ते दहा माणसं हसत असताना सांगायचं त्याला जमेना. तो चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिला. तेवढ्यात कलिंगडवाल्याला ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी असलेली पाटकरीण दिसली.

"वहिनी, तुम्ही खरं बोलणाऱ्या बाई आहात. कागद बघितलाय का तुम्ही?"

सगळे तिच्याकडे वळले. नवराही वळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं, आता ही सांगेल, असं. पाटकरणीला ती मिरच्यांची पाटी आठवली, ती शीळ आठवली.

"दोनच लिहिलंय," ती म्हणाली. "म्हणजे दुसरीच."

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि मग खाली पुलाच्या कठड्याकडे.

ऑफिसात फोन गेला. दुपारी जीप आली. साहेब नवीन होते, बदलून येऊन महिनासुद्धा झाला नव्हता, जीपमधून उतरताना बुटाला चिखल लागू नये म्हणून जपत होते. दोनचं पाणी चारला दिल्याची तक्रार, त्यांनी वहीत बघितलं, पाळी दोनची. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. पाटकऱ्यानं तोंड उघडलं तर ते म्हणाले, "हे बघा, मला गोष्टी सांगू नका. नंबर म्हणजे नंबर." या पाळीपुरती चावी लोकांकडं द्यायची ठरलं. बापापासून घरात टांगलेली चावी पाटकऱ्यानं स्वतःच्या हातानं कलिंगडवाल्याच्या हातात दिली. असा पाणउतारा त्या घराचा कधी झाला नव्हता. मंगळवारी दुपारीच चौथीचं दार बंद झालं आणि दुसरीला पाणी लागलं.

घरात तो भांडला नाही, तिनं तीच तयारी करून ठेवली होती. तो बुधवारी पहाटे उठला, खुंटीकडं हात गेला, रिकामा परत आला. मग भावाच्या रानात गेला. पुलावरून जाताना कुणीतरी "दोन म्हणजे चार!" अशी हाळी दिली, ती तिनं घरात ऐकली. कलिंगडवाल्याची माणसं पाण्यात उभी राहून हसली, तेही ऐकलं.

दुपारी जेवणाचा डबा द्यायला तिला जावं लागलं. कालव्याच्या अलीकडच्या काठानं वाट होती, पण ती दुसरीवरून जात होती, आणि तिथं सगळे होते. त्यांचं "काय वहिनी" ऐकण्यापेक्षा लांबून गेलेलं परवडलं. पुलावरून पलीकडं होऊन तिनं जीपचा रस्ता धरला. त्या बाजूनं गावातलं कुणी जात नसे, साहेबांच्या जीपशिवाय तिथं काही फिरकायचं नाही. ऊन असं की चपलेतून तळवे भाजत होते. मान खाली घालून ती चालत राहिली ते चौथीच्या दारापर्यंत. तिथं बाभळीची थोडी सावली होती. डबा खाली ठेवून ती टेकली आणि पाठीला काहीतरी टोचलं.

गवतात दगड होता. चौकोनी, घडवलेला, वरच्या अंगाला तोंड केलेला. तिनं गवत बाजूला केलं. कोरलेल्या खोबणीत पांढरा रंग अजून धरून होता.

२.

कुणीतरी चुकून इथं आणून रोवला असेल, तिला पहिल्यांदा वाटलं ते हेच. माणसाला आपण चुकलोय हे इतक्या लवकर पटत नाही. डबा तिथंच ठेवून ती वर पाचवीपर्यंत गेली. तिथला दगड उघड्यावर होता, गवतसुद्धा नाही. त्यावर १. ती उभी राहून वर बघत राहिली, जिथून कालवा टेकडीतून बाहेर पडत होता. पाणी तिथून येत होतं. ऑफिस तिथून मोजत होतं. गाव मोजत होतं घराच्या दारापासून.

माणसाला कागदावरचं नाव एक असतं आणि हाक मारायचं एक, तसंच हे. ज्याला दोन्ही ठाऊक तो एकटा माणूस पंधरा वर्षं रोज एक नाव वाचून दुसरं सांगत होता, आणि त्यात काही सांगण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आणि तिनं, भर पुलावर, सगळ्यांसमोर. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डबा उचलून ती रानात गेली. दोघं भाऊ खालच्या विहिरीतलं तळाचं पाणी बादल्यांनी आणून कांद्याच्या वाफ्यात घालत होते. अर्धे वाफे पिवळे पडले होते. तिचा नवरा वाकून बादली ओतत होता, शर्ट पाठीला चिकटला होता. तिनं डबा बांधावर ठेवला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"ठेवा, वहिनी," दीरच म्हणाला, तिच्याकडं न बघता. "आम्ही घेतो."

परत येताना तिनं खालचे दगड शोधून काढले. तिसरीवर ३, दुसरीच्या समोर वेलीखाली ४. पहिलीवर दगडच नव्हता, नुसता चौकोनी खड्डा, जुना, कडा गोल झालेल्या. तिनं खड्ड्याकडं पाहिलं आणि मग कालव्याच्या पलीकडं, जिथं बायका धूत होत्या.

घरून पहार घेऊन ती आली तेव्हा कलिंगडवाली तिच्याच दगडावर चादर आपटत होती.

"ऊठ जरा."

"आता? अर्धी चादर राहिलीय माझी."

"ऊठ म्हणते ना!"

पाटकरणीनं पहार दगडाखाली घातली आणि जोर लावला. दगड हलेना. चिखलात तिचे पाय रुतले, तळहात सोलून निघाले. बायका बघत राहिल्या, उन्हानं हिचं डोकं फिरलंय असंच त्यांना वाटलं असणार. मग कलिंगडवालीनंच चादर बाजूला टाकली आणि पहारेला हात घातला, कारण दगड सुटल्याशिवाय तिची चादर धुवून होणार नव्हती. तिसऱ्या जोराला दगड चपकन गाळातून सुटला आणि पालथा झाला. खालच्या बाजूला किडे, शेवाळ. पाटकरणीनं चादरीचंच टोक घेऊन ते पुसलं.

"अगं माझी चादर!"

"वाच," पाटकरीण म्हणाली.

५. सासूपासून सगळ्या बायकांनी ज्याच्या पाठीवर धुणी आपटली होती तो पाचाचा आकडा पोटाशी जसाच्या तसा होता.

"ही पहिली चारी," पाटकरीण म्हणाली. तिला धाप लागली होती. "कागदावर पाच. आमची चौथी कागदावर दोन. तुमची दुसरी कागदावर चार. वर जाऊन बघ, सगळे दगड उभे आहेत. तुमची पाळी अजून यायचीय."

कलिंगडवाली दगडाकडं बघत राहिली. "मग आज जे पाणी घेतोय ते?"

"ते आमच्या भाऊजींचं."

"म्हणजे चोर आम्हीच म्हण की," ती हळूच म्हणाली आणि चादर न पिळताच घेऊन गेली.

पाटकरीण तशीच चिखलाच्या पायांनी शिंप्याकडे गेली. 'माहिती'च्या पानाखाली एक फोन नंबर यायचा, तिला तो हवा होता. त्यांना सांगायचं, नंबरापुढं गावातलं नाव पण लिहा. सगळ्यांनी जिथं वाचलं होतं तिथंच ते दुरुस्त व्हायला हवं होतं. शिंपी पायमशीनवर वाकलेला होता. टीव्ही चालू होता, पडदा निळा होता, पण टिंगटिंग वाजत नव्हतं.

*ही सेवा बंद करण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार.*

"कालपासून असंच आहे," शिंपी म्हणाला. "पाच महिने पण टिकलं नाही. बसा ना."

"फोन नंबर होता खाली."

"मी लावून बघितला. उचलत नाहीत. काय काम होतं?"

तिनं सांगितलं. शिंप्याचं मशीन थांबलं. त्यानं सुई दोनदा वरखाली केली, गळ्यातली पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"तरी पण, वहिनी," तो म्हणाला, "टीव्हीनं खोटं कुठं लिहिलं होतं? दोनच होती की."

"नव्हतं लिहिलं खोटं," ती म्हणाली. "खोटं कुणीच बोललं नाही."

चौथीचं दार संध्याकाळच्या आत पुन्हा उघडलं, कलिंगडवाल्यानंच उघडलं. चावी तो घरी घेऊन आला. पाटकरी ओट्यावर बसला होता. माफी वगैरे मागायची त्याची रीत नव्हती. चावी पायरीवर ठेवून तो बारीक आवाजात म्हणाला, "आकडा धुण्याच्या दगडाखाली होता म्हणे, काय माणसं तरी," आणि गेला. पाटकऱ्यानं चावी उचलली, गाळ धुतला, तेलाचं बोट फिरवलं, खुंटीला टांगली. धाकट्याचा अर्धा कांदा वाचला, अर्धा गेला. साहेबांना कुणीतरी फोन केला असं ऐकलं, पण जीप परत आली नाही. आणि लोक पुन्हा पाटकऱ्याला वाटेत थांबवून विचारू लागले, काही झालंच नाही अशा थाटात, "काय पाटकरी, आमचं कधी?"

तो म्हणायचा, "घरी विचारा."

रविवारी ऑफिसचा कागद आला. ती पीठ चाळत होती. तो उंबऱ्यापाशी आला आणि घडीसकट कागद तिच्यापुढं धरला.

"मला कशाला?" ती म्हणाली. "तुम्हाला येतं की वाचता."

"तूच वाच."

तिनं हात पुसले. गेले चार दिवस तिनं काय काय ठरवून ठेवलं होतं, हे म्हणायचं, ते म्हणायचं, पाया पडायचं सुद्धा. तो समोर उभा होता, खांद्यावर चावी. तिनं घडी उलगडली.

"चार," ती म्हणाली. "चार म्हणजे... आपली दुसरी. कलिंगडवाल्यांची."

"नक्की ना?" त्यानं विचारलं.

ती वर बघून शोधत राहिली, की ह्यात टोमणा कुठं आहे. टोमणा असता तर ती रडली असती, भांडली असती, मोकळी झाली असती. टोमणा नव्हता. जी गोष्ट त्याला बापापासून झोपेतसुद्धा ठाऊक होती ती तो तिला खरंच विचारत होता, आणि ती हो म्हणेपर्यंत उंबऱ्यातून हलला नाही.